मांडी घालता येईल का? खुबा बदलण्याबद्दल एक सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई ६४ वर्षांच्या, काटोलजवळच्या गावात, स्वतःची संत्र्याची बाग. तीन वर्षांपासून उजवा खुबा दुखतो आणि नागपुरातल्या दोन डॉक्टरांनी एक्स-रे बघून खुबा बदलायला सांगितला आहे. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: ऑपरेशननंतर किती दिवसांत चालतील, सिरॅमिकचा सांधा घ्यावा की साधा, उन्हाळ्यात केलं तर चालेल का, आणि नंतर त्यांना गावी ठेवावं की तुमच्या मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, की आई म्हणते, "मांडी घालून बसता येणार नसन, तं मले नाही करायचं."

मी नागपुरात २३ वर्षं फिजिओथेरपी करते. सर्जन ऑपरेशन करतात. पेशंटला दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवायचं आणि पुढचे दोन-तीन महिने त्याच्या घरी जायचं, हे माझं काम. त्यामुळे मी उत्तर देणार ते घराच्या बाजूने. आणि सुरुवात आईंच्या त्या शेवटच्या ओळीपासून करायला हवी, कारण तुमच्या चारही प्रश्नांपेक्षा त्यांचा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

किती दिवसांत चालतील, याचं उत्तर सोपं आहे. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभ्या राहतील आणि चार पावलं टाकतील. तीन ते पाच दिवसांत सुट्टी होते. दोन आठवड्यांनी टाके निघतात. तीन-चार आठवडे वॉकर, मग काठी, आणि साधारण सहा आठवड्यांनंतर घरातल्या घरात काठीशिवाय चालणारे पुष्कळ असतात. कुणाला आठवडा कमी लागतो, कुणाला तीन आठवडे जास्त. ऑपरेशनआधी किती वर्षं लंगडत होतात, वजन किती, शुगर आहे का, दुसरा खुबा आणि गुडघे कसे आहेत, यावर ते ठरतं. पण चालणं हा या सगळ्यातला अवघड भाग नव्हे. आपण जेवतो खाली, पूजा करतो खाली, भाजी निवडतो खाली, लग्नात पंगतीला बसतो खाली. खुबा बदलल्यावर खालच्या जगाचं काय होणार, हे त्या विचारत आहेत. त्याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय त्या मनापासून हो म्हणणार नाहीत, आणि मनापासून हो म्हणालेला पेशंट व्यायाम करतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. आईंना दुखतं नेमकं कुठे? खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं. मांडीच्या पुढच्या बाजूने उतरतं, कधी थेट गुडघ्यात जाणवतं. पुष्कळ जण हात मागे नेऊन ढुंगणावर किंवा कमरेवर ठेवतात आणि "खुबा दुखतो" म्हणतात. ते अनेकदा मणक्याचं निघतं. उलटही होतं. हिंगण्याहून एक काका माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामासाठी आले होते. वर्षभर गुडघ्याला शेक, पट्टा, तेल, दोन इंजेक्शनंही झाली होती. मी त्यांना पाठीवर झोपवून गुडघा वाकवला, तो मोकळा वाकला. मग पाय तसाच धरून आत वळवला तर ते पलंगावरून उठलेच. गुडघा चांगला होता. खुब्याकडून येणारी एक नस गुडघ्यालाही जाते, म्हणून मेंदूला दुखणं गुडघ्यात वाटतं. तुम्ही घरी एवढंच बघा: आईंना उजव्या पायात मोजा घालता येतो का, पायाची नखं कापता येतात का, गाडीतून उतरताना पाय बाहेर काढताना कळ येते का. येत असेल, तर दुखणं खुब्याचंच असण्याची शक्यता बरीच.

कारणही विचारा. ६४ व्या वर्षी साधी झीज असू शकते. पण आपल्या विदर्भात आणखी एक कारण आहे ज्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण आपल्याकडे जास्त आहे, आणि त्या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरतं. त्याला एव्हीएन म्हणतात. स्टिरॉइडचे मोठे डोस आणि दारू ही त्याची दुसरी मोठी कारणं. कोविडनंतर तिशी-चाळिशीतले असे पेशंट माझ्याकडे वाढले. हे इथे सांगायचं कारण एवढंच की घरात कुणाला सिकलसेल असेल तर आईंची तपासणी झालेली असली पाहिजे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असेल तर पाणी, ऑक्सिजन, शरीराचं तापमान, रक्त यांची तयारी वेगळी करतात. ऐनवेळी कळणं वाईट.

आणि ऑपरेशनची वेळ आली आहे का? एक्स-रे वाईट दिसतो म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. मी पेशंटला तीन गोष्टी विचारते. रात्री दुखण्याने झोप मोडते का? घरातून निघून चौकापर्यंत न थांबता जाता येतं का? गोळ्या रोज लागतात का? पोटात गेलेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनीवर आणि जठरावर हिशेब मांडत असतात. तिन्हींचं उत्तर वाईट असेल तर थांबण्यात फायदा नाही. जितकी वर्षं लंगडत काढाल तितके खुब्याच्या बाजूचे स्नायू वाळतात, आणि नवा सांधा बसवूनही ती लंगड महिनोन्‌महिने जात नाही. सांधा सर्जन बदलतात, वाळलेला स्नायू कुणी बदलून देत नाही.

आता ऑपरेशन म्हणजे काय, थोडक्यात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, आपल्याकडे लोक त्याला गोळाच म्हणतात, आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्हींवरची गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. ऑपरेशनमध्ये तो गोळा काढतात, मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, तिच्यावर नवा गोळा, कमरेत नवी वाटी आणि वाटीच्या आत एक अस्तर. एक ते दोन तासांचं काम, बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन. आजच्या पद्धतीची घडी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये बसवली: धातूचा छोटा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि हाडाचं सिमेंट. त्यांचा गोळा साधारण २२ मिलीमीटरचा होता. आता ३२ किंवा ३६ मिलीमीटरचे गोळे सर्रास वापरतात, आणि मांडीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. गोळा मोठा असेल तर वाटीतून निसटायला त्याला जास्त अंतर सरकावं लागतं, म्हणून तो सहजासहजी निसटत नाही.

सिरॅमिक की धातू, याबद्दल माझं मत विचाराल तर आईंच्या वयाला फार डोकं शिणवू नका. सिरॅमिकचा गोळा झिजतो कमी, तिशी-चाळिशीतल्या पेशंटला त्याचा उपयोग मोठा. ६४ व्या वर्षी चांगल्या प्रतीच्या प्लास्टिक अस्तरावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा, दोन्ही चालतात. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याचे सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं, आणि ते सांधे जुन्या काळच्या साहित्याचे होते. इम्प्लांटच्या नावापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं की तुमचे सर्जन वर्षाला किती खुबे बदलतात आणि ते नेहमी कोणता सांधा बसवतात. ज्याचा हात बसलेला आहे तोच त्यांना बसवू द्या. एक मात्र हट्टाने करा: इम्प्लांटच्या खोक्यावरची स्टिकरं डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पंधरा वर्षांनी काही करायची वेळ आली तर तीच स्टिकरं कामी येतात.

तर मांडी. सर्जनने सांधा कोणत्या बाजूने उघडला, यावर पहिले काही आठवडे काय जपायचं ते ठरतं. मागच्या बाजूने उघडला असेल, आणि तेच जास्त ठिकाणी करतात, तर तीन हालचाली जोखमीच्या: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पाय दुसऱ्या पायावर नेणं, आणि गुडघा-पंजा आत वळवणं. तिन्ही एकदम झाल्या की गोळा मागे निसटू शकतो. पुढून उघडला असेल तर उलट, पाय मागे ताणून बाहेर वळवणं सांभाळायचं. काही सर्जन आता फारशी बंधनं घालत नाहीत, काही तीन महिने कडक पाळायला लावतात. इथे माझं किंवा शेजारच्या वहिनींचं ऐकू नका, तुमच्या सर्जनचंच ऐका.

आता स्वतः मांडी घालून बघा. गुडघे कुठे जातात? बाहेर. मांड्या फाकतात, पाय बाहेर वळतो. म्हणजे मागून केलेल्या ऑपरेशनमध्ये जी दिशा धोक्याची, तिच्या बरोबर उलट. म्हणून स्नायू आणि शिवण भरून आल्यावर, साधारण तीन महिन्यांनंतर, सर्जनने परवानगी दिली तर पुष्कळ पेशंट मांडी घालतात. माझ्या पेशंटांमध्ये असे कितीतरी आहेत. पण खाली बसण्याचे सगळे प्रकार सारखे नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. उकिडवं बसणं वेगळं: त्यात खुबा पूर्ण दुमडतो आणि वजनही त्याच्यावरच. ते मी कायमचं सोडायला सांगते. एक पाय मागे दुमडून, कुल्ह्यावर कलून बसणं, जसं आपल्या बायका गप्पा मारताना सहज बसतात, त्यात पाय आत वळतो; तेही नको. म्हणजे आईंना सांगा: मांडी बहुधा मिळेल, पण बसून निंदण करणं आता संपलं. देशी संडासही संपला. हे आत्ताच सांगितलेलं बरं. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

मांडी घालून बसल्यावरही एक बारीक गोष्ट आहे. ताट जमिनीवर असेल तर प्रत्येक घासाला माणूस कमरेतून पुढे झुकतो, म्हणजे खुबा आणखी वाकतो. ताट चौरंगावर ठेवलं की पाठ सरळ राहते. एवढ्याने फार फरक पडतो. आणि खरी कसरत बसण्यात नाही, खाली जाण्यात आणि उठण्यात आहे. त्याची रीत अशी: भक्कम खुर्ची समोर, दोन्ही हात तिच्यावर. चांगला पाय पुढे ठेवायचा, ऑपरेशनचा पाय मागे नेऊन त्याचा गुडघा आधी गादीवर टेकवायचा. म्हणजे वाकतो तो चांगला खुबा, नवा सरळ राहतो. उठतानाही तसंच, चांगल्या पायावर जोर देऊन. मी हे तीन महिन्यांनंतर घरी जाऊन शिकवते, पहिल्या चार-पाच वेळा मागे उभी राहून. तुम्ही हे वाचून सहाव्या आठवड्यात आईंना उत्साहाने खाली बसवू नका.

असं कळकळीने लिहिते त्यामागे एक प्रसंग आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एक मावशी. ऑपरेशन उत्तम झालं होतं. चौथ्या आठवड्यात त्या काठीवर आल्या होत्या, मला दारापर्यंत सोडायला यायच्या. पाचव्या आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. घरात सोळा भाज्या, आंबील, पाहुणे, सगळी धावपळ. मावशींनी आयुष्यभर महालक्ष्म्यांपुढे स्वतः बसून नैवेद्य दाखवला होता. दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्या पाटावर बसल्या. उजवा गुडघा उभा, आणि समई सरळ करायला पुढे वाकल्या. गुडघा आत कलला आणि कट्‌ असा आवाज झाला. सुनेचा फोन आला तेव्हा मागे आरती चालू होती. "मॅडम, आईंचा पाय आखूड दिसून राहिला आणि आत वळला." घरातला एक जण पाय ओढून बसवायला निघाला होता. मी ओरडूनच सांगितलं, हात लावू नका, उशी ठेवा, अँब्युलन्स बोलवा. दवाखान्यात भूल देऊन गोळा परत वाटीत बसवला, चिरावं लागलं नाही. सहा आठवडे पट्टा लावला, आणि आज मावशी व्यवस्थित चालतात.

चूक माझी होती. मी मावशींना तिन्ही हालचाली शिकवल्या होत्या, त्यांनी मला त्या पाठ म्हणूनही दाखवल्या होत्या. पण मी कॅलेंडर बघितलं नाही, सुनेला बाजूला घेऊन विचारलं नाही की पुढच्या महिन्यात घरात काय आहे. दुखत असताना माणूस आपोआप जपतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखणं जातं आणि आतली शिवण अजून कच्ची असते, हाच काळ नाजूक. तेव्हापासून मी ऑपरेशनची तारीख कळली की आधी घरातले सण, लग्नं, बारसं विचारते, आणि त्या दिवशी खाली कोण बसणार ते ठरवून घेते.

आता तुमच्या चौथ्या प्रश्नावर येते, कारण तो याला जोडूनच आहे. गाव की फ्लॅट? तिसरा मजला ऐकून लोक घाबरतात, पण जिना हा प्रश्न नाही. सुट्टी व्हायच्या आधी आम्ही जिना शिकवतोच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. आई एकदा हळूहळू वर चढतील आणि टाके काढायच्या दिवशी उतरतील, पहिल्या दोन आठवड्यांत एवढंच. खरे प्रश्न घराच्या आत आहेत. आज संध्याकाळी टेप घ्या आणि मोजा. आई ज्या पलंगावर झोपणार त्याची उंची गादी दबल्यावर किती? बसल्यावर त्यांचे गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. साधारण उंचीच्या बाईला १८ ते २० इंच लागतात. दिवाण बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे लावा, हलणाऱ्या विटा नको. सोफा जवळजवळ नेहमीच बुटका आणि मऊ असतो, तो विसरा. हात असलेली एक उंच, कडक खुर्ची त्यांच्या नावाची ठेवा. कमोडवर उंची वाढवणारं सीट बसवा किंवा कमोडची खुर्ची आणा.

गावच्या घरात कमोड आहे का? बाथरूम अंगणापलीकडे आहे का? उंबरठा किती उंच, आणि वॉकर दारातून जातो का? तिकडच्या घरात बंगई, म्हणजे झोपाळा, असेल तर ती सहा आठवडे काढून ठेवा. बंगई बुटकी असते, उठताना मागे सरकते, आणि आपल्याकडचं माणूस बंगई दिसली की न विचारता बसतं. पायपुसणी, सैल चटया, कूलरची पाइप, फरशीवर सांडलेलं पाणी, हे सगळं बघा. मला विचाराल तर पहिले सहा आठवडे तुमच्या फ्लॅटवर, सर्जनपासून अर्ध्या तासाच्या आत. पण एका अटीवर: दिवसा घरात कुणीतरी हवं. तुम्ही दोघं नोकरीला आणि आई दिवसभर कुलपाच्या आत एकट्या, असं होणार असेल तर गावची माणसांनी भरलेली ओसरी जास्त सुरक्षित. मग मात्र तिथे कमोडची सोय आधी करा.

तयारी ऑपरेशनच्या महिनाभर आधी सुरू होते. शुगर असेल तर ताब्यात आणा. दात किडला असेल, लघवीला जळजळ असेल, तर आधी बरं करा. शरीरात कुठेही जंतू असले तर रक्तातून ते नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात, आणि सांध्यात जंतू गेले तर दुखणं फार मोठं. शेतात काम करणाऱ्यांच्या टाचांच्या भेगा कुणी बघत नाही. मी बघते. खोल भेगा, चिखल्या, पायावरची जखम भरून आल्याशिवाय ऑपरेशन नको. आई तंबाखू किंवा खर्रा खात असतील तर किमान चार आठवडे आधी बंद, आणि जखम भरेपर्यंत बंदच. इथे मी आग्रही आहे, कारण तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. वॉकर आधीच आणा आणि दुखत असतानाच त्यावर चालायची सवय करा. मांडीचे आणि कुल्ह्याचे स्नायू आवळून धरायचे, दहा मोजायचे, सोडायचे. हे दिवसातून तीन वेळा आतापासून.

ऑपरेशननंतरचे व्यायाम फिजिओ समोर उभं राहून शिकवतील, ते लिहून कळत नाहीत. दोन गोष्टी मात्र लिहिते, कारण घरोघरी चुकतात. एक, काठी चांगल्या बाजूच्या हातात. उजवा खुबा, तर काठी डाव्या हातात. लोक दुखऱ्या बाजूला काठी धरतात आणि तिच्यावर कलतात. एका पायावर उभं राहताना कमर तोलून धरायला त्या बाजूचा स्नायू एवढा जोर लावतो की सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. दुसऱ्या बाजूच्या हातातली काठी कमर उचलून धरते, म्हणून स्नायूचं काम हलकं होतं. दोन, पाय लांब झाल्यासारखा वाटणं. पहिल्या महिन्यांत फार जण म्हणतात, "काहून जी मॅडम, हा पाय लांब बसवला काय?" वर्षानुवर्षं झिजलेल्या सांध्यामुळे पाय आखूड झालेला असतो, कमर तिरकी झालेली असते, स्नायू आखडलेले असतात. ते सैल व्हायला तीन-चार महिने जातात. लगेच दुसऱ्या चपलेत टाच घालून घेऊ नका. कमर सरळ व्हायची राहून जाते. सहा महिन्यांनीही फरक वाटला तर मोजून बघू.

रात्री दोन पायांमध्ये उशी. संध्याकाळी पाय सुजणं दोन-तीन महिने चालतं, पाय वर घेऊन पडलं की उतरतं. पण पोटरी एकाच बाजूला दुखरी आणि टणक झाली, दम लागला, छातीत दुखलं, तर वाट पाहू नका, त्याच क्षणी दवाखान्यात. ती रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत चुकवायचं नाही. त्याच कारणाने पोटरीला जोराने तेल चोळायचं नाही. मालिशवाली मावशी कितीही प्रेमळ असो, नाही म्हणा. जखमेतून पाणी येणं, लाली वाढणं, थंडी वाजून ताप येणं, हे फोनवर विचारायचं नाही, नेऊन दाखवायचं. आणि अचानक कळ येऊन पाय आखूड झाला तर महालच्या मावशींचं आठवा: ओढायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही.

घरी आणताना ऑटो नको, कार बघा. पुढची सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली, बसायच्या जागी उशी आणि तिच्यावर प्लास्टिकची पिशवी. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. पिशवीवर अंग सहज सरकतं. स्कूटीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणं तीन महिने तरी नाही.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण विचार आला असेलच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमच्या दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असेल तर तिथे थेट विचारा, की खुबा बदलणं इथे योजनेत होतं का, आणि इम्प्लांटचा खर्च त्यात धरला आहे का. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांतही चौकशी करा. थांबावं लागेल, पण आईंचं ऑपरेशन तातडीचं नाही. हाड मोडलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मग दिवस मोजावे लागतात.

राहिला उन्हाळा. उन्हाळ्यात जखम चिघळते हा समज जुना आहे. ऑपरेशन थिएटरच्या आत मे आणि डिसेंबर सारखेच. पण नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश, घामाने ड्रेसिंग भिजतं, गुठळीसाठीचे घट्ट मोजे अंगावर ठेवत नाहीत, पाणी कमी पडतं, वीज गेली की झोप नाही. केलं तर चालतं, पण निवड हातात असेल तर मी हिवाळा घेते. तुमच्या संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, असेल तर डिसेंबरपर्यंत तोड आटोपते. जानेवारीच्या सुरुवातीला ऑपरेशन केलं तर कडक ऊन पडायच्या आत वॉकर सुटतो आणि एप्रिलमध्ये मांडीचा प्रश्न सर्जनला विचारता येतो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरला असेल तर तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि आई खाली बसून फळं निवडायचा मोह आवरणार नाहीत. मग तोड झाल्यावरची तारीख घ्या, किंवा त्या वर्षी फळं टेबलावर निवडायची सोय करा. उंच स्टुलावर बसून त्या ते काम आरामात करतील.

सर्जनकडे पुढच्या वेळी आईंना घेऊन जा, आणि मांडीचं त्यांनाच विचारू द्या. सांधा मागून उघडणार की पुढून, गोळा किती मिलीमीटरचा, आणि खाली बसायला कधी, हे तीन प्रश्न कागदावर लिहून द्या. पलंगाची उंची, गावात कमोड आहे की नाही, आणि बहार कोणता, एवढं मला इथे कळवा. मग पहिल्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक तुम्हाला दिवसागणिक लिहून देते.